पुढच्या पंपावर डावीकडे

३ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी वही ठेवायला सांगितलीय. चार रकाने: कितीदा, कसं, रक्त आहे का, काय खाल्लं. मी पट्टीने आखले. चौदा वर्षं ड्रायव्हिंग शाळेत शिकवतोय, सरळ रेषेबद्दल माझी मतं ठाम आहेत.

आज: कितीदा – अकरा. कसं – घाईत. रक्त – हो. काय खाल्लं – भीतीपोटी काहीच नाही.

रकान्यांत एवढंच मावतं. बाकीचं उजव्या पानावर लिहीन. डावं पान डॉक्टरीणबाईंचं, उजवं माझं.

काय होतंय ते एकदाच लिहून टाकतो. दोन महिन्यांपूर्वी सुरू झालं. पोटात कळ येते, आणि मी चौकात आहे की पुलावर आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. कळ आली की माझ्या हातात साधारण तीन मिनिटं असतात. आमच्या शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो, विद्यार्थी कितीही बावळट असला तरी गाडी मी थांबवू शकतो. पोटाला असा दुसरा ब्रेक बसवलेला नाही.

म्हणून मी शिकवायचा रस्ताच बदललाय. शाळा, पहिला पंप, वाचनालय, कारखान्याजवळचा पंप, परत शाळा. एका तासात चार संडास. "पुढच्या पंपावर डावीकडे" म्हटलं की पोरं आरसा बघतात, इंडिकेटर देतात, आत शिरतात. मग मी सांगतो, "इंजिन बंद करून पाच मिनिटं शांत बसा, एकाग्रता वाढते." आणि जातो. त्यांना वाटतं हा अभ्यासक्रमच आहे.

हे कोणालाही कळता कामा नये. मालकाला कळलं तर तो मला ऑफिसात बसवून फॉर्म भरायला लावील. ऑफिसचा संडास खुर्चीपासून सात पावलांवर आहे हे मला मान्य आहे. पण चौदा वर्षं मी गाडीत बसलोय. खुर्चीत बसलो तर मी संपलो. बायकोलाही सांगितलं नाही. ती घरी शाळांचे गणवेश शिवते, मशीनवरून मान वर करायला तिला फुरसत नसते. तिला काही पत्ता नाही.

६ मार्च, गुरुवार

कितीदा – नऊ. रक्त – हो.

नवी विद्यार्थिनी आली. बाई. चाळीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवून निवृत्त झाल्यात. आमच्या शाळेचं नाव कोणी सुचवलं असं विचारलं, तर म्हणाल्या, "ओळखीच्या एक जणी आहेत, गणवेश शिवतात." आता गावात गणवेश शिवणाऱ्या काय कमी बायका आहेत?

त्यांच्या यजमानांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. चाळीस वर्षं त्यांनी बाईंना स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. आता गाडी अंगणात झाकून उभी आहे आणि ते खिडकीतून तिच्याकडे बघत बसतात.

"त्यांना शेजारी बसवून समुद्रापर्यंत न्यायचंय मला," बाई म्हणाल्या. "आणि वाटेत एकही सूचना करू द्यायची नाही."

मला बाई आवडल्या. क्लच हळू सोडतात, आरसा सारखा बघतात. दोष एकच. आतला आरसा इतका माझ्या बाजूला वळवतात, की त्यात मागचा रस्ता कमी आणि माझं तोंडच जास्त दिसत असणार. मी सरळ करतो, त्या परत वळवतात. वयामुळे अंदाज चुकतो.

९ मार्च, रविवार

आठ.

आरशात पाहिलं. सात किलो वजन उतरलंय, सगळ्या पँट ढगळ झाल्यात. डावा गुडघा सुजलाय, चौदा वर्षं क्लच दाबल्यावर दुसरं काय होणार. उजवा डोळा लाल आहे, ती धूळ. तोंड आलंय, ते ओरडून ओरडून. जिना चढताना धाप लागते, ते विद्यार्थ्यांमुळे. प्रत्येकाचं कारण मला माहीत आहे, त्यामुळे हे डाव्या पानावर लिहून डॉक्टरीणबाईंचा वेळ घेत नाही.

काळजी वाटते ती बायकोची. भाजीत तिखट नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "अगंबाई, विसरले." तीन आठवडे झाले रोज विसरतेय. शिवाय सकाळी सहाची उठणारी बाई हल्ली साडेपाचलाच आंघोळ उरकून बाथरूम मोकळं करते. विसराळूपणा आणि कमी झोप. तिला एकदा दाखवून आणायला हवं.

११ मार्च, मंगळवार

आज बाईंची दया आली. कारखान्याच्या रस्त्यावर मला अचानक कळ आली. पंप मागे पडला होता. मी दात आवळून समोर बघत होतो, एवढ्यात बाईंनी वर्गातल्या पोरासारखी करंगळी वर केली.

"सर, थांबूया का कुठेतरी? मला जायचंय."

समोर दवाखाना होता. बाईंनी झोकात गाडी लावली. गाडी थांबलीच आहे तर म्हणून मीही जाऊन आलो. परत आलो तर बाई जागच्या जागी बसलेल्या.

"तुम्ही गेला नाहीत?"

"राहिली," त्या म्हणाल्या.

त्या वयात असं होतं, येते म्हणता म्हणता राहते. मी गाडी सुरू करायला सांगितली. दुसऱ्याच्या अशा गोष्टी चारचौघांत काढू नयेत, एवढी समज मला आहे.

१३ मार्च, गुरुवार

घोटाळा झालाय.

मालकाने आत बोलावलं. परिवहन खात्याच्या परीक्षक साहेबांचा फोन आला होता म्हणे. या महिन्यात आमच्या शाळेचे तीन उमेदवार परीक्षेला बसले. साहेबांनी "सरळ चला" सांगितलं असताना तिघेही आरसा बघून, इंडिकेटर देऊन पेट्रोल पंपात शिरले. इंजिन बंद केलं. आणि डोळे मिटून शांत बसले.

"एकाने तर साहेबांना सांगितलं, पाच मिनिटं बोलू नका, एकाग्रता होतेय!" मालक म्हणाला. "हे काय शिकवतोयस तू?"

मी म्हटलं, टायरमधली हवा तपासायची सवय लावतोय.

"हवा? तिघंही नापास झालेत. यापुढे आपली एक जरी गाडी परीक्षेत पंपात शिरली, तर तू उद्यापासून ऑफिसात. फॉर्म भरायचे. कळलं?"

कळलं म्हटलं. आणि तेवढ्यात कळ आली. सात पावलं. आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसबद्दल जरा बरं वाटलं, आणि त्याची लाज वाटली.

आता परीक्षेला पुढचा नंबर बाईंचा.

१५ मार्च, शनिवार

वाचनालयाच्या संडासाला बाहेरून कुलूप होतं. बाकीचं लिहीत नाही. तीन मिनिटं पुरली नाहीत.

पण नशीब बघा. तोंड लपवत गाडीपाशी आलो, फडकं काढायला डिकी उघडली, तर स्टेपनीमागे एक कापडी पिशवी. आत साबण, पंचा, पाण्याची बाटली आणि एक पँट. कोणातरी विद्यार्थ्याची राहिली असणार. घालून पाहिली तर नेमकी बसली. माझ्या स्वतःच्या पँट अंगावर राहत नाहीत आणि ही परक्याची बेतून शिवल्यासारखी. रंगही माझ्या आवडीचा. कमरेचे टाके मात्र लांब लांब, ढिले घातलेत. शिंप्याने घाई केलेली दिसते. ज्याची असेल तो सापडला की परत करीन.

गाडीत बसून पाच मिनिटं रडलो. विद्यार्थी यायला अवकाश होता.

१८ मार्च, मंगळवार

डावी पानं दाखवली. डॉक्टरीणबाई वाचताना एकदाही हसल्या नाहीत, याचं मला बरं वाटलं. म्हणाल्या, दुर्बिणीतून मोठं आतडं आतून बघायला हवं. दुर्बीण कुठून घालतात ते त्यांनी सांगितलं. मी विषय बदलायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

पुढची अडचण म्हणजे गुंगी देतात, त्यामुळे त्या दिवशी गाडी चालवायची नाही आणि सोबत माणूस हवाच. आता कोणाला नेऊ? शेवटी बाई आठवल्या. त्यांना स्वतःला असाच त्रास आहे, त्याच समजून घेतील. विचारलं.

"येते की," बाई लगेच म्हणाल्या. "शुक्रवारी सकाळी ना?"

वार मी सांगितला होता की नव्हता, आठवत नाही. सांगितला असेल.

२० मार्च, गुरुवार

तपासणीआधी आतडं धुऊन काढायचं असतं. त्यासाठी एक पावडर पाण्यात कालवून तीन लिटर प्यायची. चव लिंबू, असं पाकिटावर लिहिलंय. ज्याने लिहिलं त्याने आयुष्यात लिंबू पाहिलेलं नाही.

हे घरात बायकोपासून कसं लपवायचं या विवंचनेत होतो. पण योगायोगाने तिलाच आज बहिणीकडे जायचं होतं, सकाळी गेली ती संध्याकाळपर्यंत येणार नाही. योगायोगाने फ्रिजमध्ये गाळलेलं सूप होतं. योगायोगाने बाथरूमच्या दाराशी स्टूल, त्यावर मासिकं, आणि आत मऊ कागदाची सहा भेंडोळी. ती अशी एकदम सामान आणून ठेवते, तिला सवय आहे.

कितीदा – मोजणं सोडून दिलं. रकाना अपुरा पडला.

२१ मार्च, शुक्रवार

झालं. काही कळलंच नाही. जाग आली तर बाई शेजारी बसून चहा ओतत होत्या. गुंगीत मी थर्मासकडे बघत राहिलो.

"बाई, आमच्या घरी अगदी असाच थर्मास आहे. झाकणावर असाच चरा."

"एकाच दुकानातले असतील," बाई म्हणाल्या.

मी त्यांना मनापासून सांगितलं की तुम्हीसुद्धा स्वतःची तपासणी करून घ्या, अंगावर काढू नका. त्यांनी पदर तोंडाला लावला. भरून आलं असणार.

२४ मार्च, सोमवार

आजाराला नाव मिळालं. अल्सरेटिव्ह कोलायटिस. म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि व्रण.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढलं. लहान आतडं वीस फूट, तिथे अन्नातलं सत्त्व शोषलं जातं. तो रस्ता माझा ठीक आहे. पुढचं मोठं आतडं पाचेक फुटांचं, त्याचं मुख्य काम पाणी शोषून घेणं. माझा तोच पट्टा उखडलाय, शेवटाकडे जास्त. जंतूंना हाकलायला शरीरात जी यंत्रणा असते, ती माझ्या स्वतःच्याच आतड्यावर घसरलीय. आतलं अस्तर सुजलं की पाणी शोषलं जात नाही, ते तसंच पुढे येतं. व्रणांतून रक्त येतं. आणि शेवटचा भाग इतका चिडलेला असतो की चमचाभर काही आलं तरी भरलो भरलो म्हणून बोंब ठोकतो. म्हणून माझी तीन मिनिटं.

"आणखी काही त्रास? सांधे, डोळे, तोंड?"

मी सांगितलं की आहे, पण त्यांची कारणं वेगळी आहेत. क्लच, धूळ, ओरडणं.

"क्लचचा काही दोष नाही," त्या म्हणाल्या. "ही सूज फक्त पोटात बसून राहत नाही. गुडघा, डोळा, तोंड, सगळं त्यातलंच. आणि धाप विद्यार्थ्यांमुळे नाही लागत, रक्त कमी झालंय म्हणून लागते."

दोन महिने बिचाऱ्या विद्यार्थ्यांना उगाच बोल लावला.

मग मी विचारलं, "माझं चुकलं काय? काय खाल्लं मी?"

"तुमचं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या.

माझं सगळं आयुष्य माणसांना तुमचं काय चुकलं हे सांगण्यात गेलंय. काही न चुकता गाडी बिघडते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आजार मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. गोळ्या बरं वाटलं तरी आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. सध्या स्टेरॉइडही आहे. "घरी सांगा," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. सांगितलं नाही.

२ एप्रिल, बुधवार

कितीदा – चार. रक्त – किंचित. काय खाल्लं – सगळं.

स्टेरॉइडने भूक अशी लागते की स्टिअरिंगसुद्धा चवदार दिसतं. तोंड सुजून गोल झालंय. मालक म्हणाला, "तब्येत सुधारली रे तुझी!"

बाईंचा त्रासही कमी झालाय. आठवड्यात एकदाच थांबल्या. मी चार, त्या एकदा. गंमत म्हणजे माझं कमी झालं तसं त्यांचंही कमी झालं. हवामान असेल.

शुक्रवारी, ११ तारखेला त्यांची परीक्षा. मी बजावलंय, "काहीही झालं तरी पंपात शिरायचं नाही. तुमचं लायसन्स जाईल आणि माझी सीट."

"बरं," बाई म्हणाल्या. आणि आरसा माझ्याकडे वळवला.

११ एप्रिल, शुक्रवार

आजचं सगळं लिहितो.

साहेब पुढे बाईंच्या शेजारी, हातात फॉर्म. मी मागे. मागच्या सीटवर मला ब्रेक नसतो, त्यामुळे मी आधीच बेचैन. पण बाईंनी काय गाडी चालवली! चढावर थांबून उचलली, एक इंच मागे गेली नाही. मी मनातल्या मनात समुद्र बघत होतो, शेजारी तोंड मिटून बसलेल्या यजमानांसकट.

कारखान्याच्या रस्त्याला लागलो आणि कळ आली. पंधरा दिवसांत आली नव्हती अशी. मी सीटची कड घट्ट धरली. ठरवलं, की काही झालं तरी गप्प बसायचं. डिकीत ती परकी पँट आहेच.

बाईंनी आरशात पाहिलं. आज आरसा अगदी नियमाप्रमाणे लावला होता, आणि नियमाप्रमाणे त्यात मागच्या सीटवरचा मी दिसत होतो.

इंडिकेटर वाजू लागला. डावीकडे. पंप.

"बाई!" साहेबांचं पेन थांबलं. "मी सरळ सांगितलं होतं. पुन्हा तेच?"

बाईंनी गाडी संडासाच्या अगदी दारात लावली, हँडब्रेक ओढला आणि करंगळी वर केली. "मला जायचंय, साहेब."

"मी पास लिहायच्या बेतात होतो. सूचना मोडलीत तर नापास करावं लागेल."

"करा," बाई म्हणाल्या.

चाळीस वर्षं थांबलेली बाई 'करा' म्हणाली. मी गप्प बसलो असतो तर माझी सीट वाचली असती. दोष त्यांच्या वयावर गेला असता.

"साहेब, त्यांना नाही, मला जायचंय," मी म्हटलं. आवाज चिरका आला. "मला मोठ्या आतड्याचा आजार आहे. आतून व्रण आहेत, रक्त जातं, कळ आली की तीन मिनिटं मिळतात. ते आधीचे तिघं पंपात शिरले तेही माझ्यामुळेच. त्यांची एकाग्रता वगैरे सगळी थाप होती. बाईंचं काही चुकलेलं नाही."

साहेबांनी मागे वळून पाहिलं. "अहो, मग भाषण काय देताय? पळा!"

पळालो. पोचलो.

परत आलो तेव्हा साहेब फॉर्मवर सही करत होते. "आरसा बघितला, इंडिकेटर वेळेवर दिला, गाडीतल्या आजारी माणसासाठी सुरक्षित जागी थांबल्या," ते म्हणाले. "यात नापास काय करू?" मग मला जरा बाजूला घेऊन विचारलं, "तुमचे डॉक्टर कोण? माझ्या मेव्हण्याला अगदी हेच आहे. आणि ते वाचनालयाचं कुलूप कधी उघडतं हो?" मेव्हण्याची इतकी काळजी घेणारा माणूस मी प्रथमच पाहिला.

साहेबांना सोडून शाळेत आलो. मालकाला मीच सांगितलं, सगळं. त्याने हातातला फॉर्म बाजूला ठेवला. मग म्हणाला, "आधी सांगायचंस की. मी त्या पोरांना हवा तपासायला लावतोय महिनाभर." सीट माझीच राहिली. मार्गात आणखी एक पंप घालू म्हणाला.

बाई निघाल्या तेव्हा मी हात जोडले. म्हटलं, "तुम्ही स्वतःवर घ्यायला निघालात. पण तुमच्याही त्रासाचं बघा हं."

"कसला त्रास?" बाई म्हणाल्या. "सर, चाळीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलाय. कोणत्या पोराला जायचंय आणि सांगायची लाज वाटतेय, ते मला फळ्याकडे तोंड करूनसुद्धा कळतं. तुमचा तर चेहरा आरशात होता." पर्समधून थर्मास काढून त्यांनी माझ्या हातात ठेवला. "हा घरी द्या."

झाकणावरचा चरा बघत मी घरी आलो.

बायको मशीनवर होती, तोंडात टाचण्या धरलेल्या. मी थर्मास समोर ठेवला आणि खुर्ची ओढून तिला पहिल्यापासून सांगितलं. कळ, रक्त, दुर्बीण, नाव, गोळ्या जन्मभर. सांगता सांगता दोनदा थांबावं लागलं. ती मध्ये एक शब्दही बोलली नाही, टाचण्या होत्या म्हणून असेल. डोळे मात्र वाहत होते.

माझं संपल्यावर तिने एकेक टाचणी काढून मशीनवरच्या छोट्या उशीला टोचली. पदराने तोंड पुसलं.

"डिकीतली पँट कमरेत बसते ना नीट?" तिने विचारलं. "दोन इंच आत घेतलीय. पक्की शिलाई नाही घातली. अंग भरलं की परत उसवायचीय."